नापाससरांचा माळ

लग्नाच्या मांडवात लोक नवरानवरीकडे बघतात, पंगतीकडे बघतात, फार तर एकमेकींच्या अंगावरचे दागिने बघतात. आमचे सर स्टेजच्या मागचा पडदा बघायचे. आणि बघून झालं की अगदी आहेर देताना बोलावं तशा हळू आवाजात वधूपित्याला सांगायचे, "पडदा नापास." माझ्या बहिणीच्या लग्नात, नांदेडच्या मंगल कार्यालयात, त्यांनी हे माझ्या वडिलांना सांगितलं. पडद्यावर बर्फाचे डोंगर होते, त्यातून धबधबा कोसळत होता आणि खाली दोन हंस माना गुंतवून बसले होते. बाहेर वैशाखाचं ऊन. वडील घाबरले, त्यांना वाटलं जेवणात काहीतरी कमी पडलं. "न्हाई न्हाई, वरण पास हाय," सर म्हणाले, "मी पडद्याचं बोलून राहिलो."

त्यांचं नाव नापाससर पडलं ते असं. खरं नाव शाळेच्या मस्टरवर आणि पेन्शनच्या कागदांवर असेल तेवढंच. नायगावला नवी कमान उभी राहिली, कमान नापास. तहसीलसमोर कारंजं झालं, कारंजं नापास. लोक चिडायचे, पण पुढच्या वेळी नवीन काही बांधलं की सरांना मुद्दाम बोलावून दाखवायचेही. एका शिक्षकाच्या तोंडून एकदा तरी 'पास' ऐकावं असं मोठ्या माणसांनाही वाटतं, हे मी त्यांच्यामुळे पाहिलं.

सर मूळ उदगीरचे, आडत दुकानदाराच्या घरातले. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, घरात अर्धी कानडी. वडिलांचा बेत मुलाला गादीवर बसवायचा होता. मुलगा तुरीच्या पोत्यांवर मारलेले शिक्के बघत बसायचा. "वडील मनायचे माल बघ, अन् मी शिक्का बघायचो," ते सांगायचे. शेवटी वडिलांनी हात टेकले. हा मुलगा चित्रकला शिकून आला आणि कंधार-मुखेडच्या बाजूला एका हायस्कुलात ड्रॉइंगचा मास्तर झाला. ड्रॉइंगचा मास्तर म्हणजे बाकी शिक्षकांच्या रजेवर तास घेणारा, पंधरा ऑगस्टला फळा रंगवणारा माणूस, असं शाळेचं मत होतं. सरांचं मत वेगळं होतं, पण ते विचारलं कुणी नाही.

शाळेत त्यांचा खरा वैरी एकच, नारळाचं झाड. निसर्गचित्र काढा म्हटलं की अख्खा वर्ग दोन डोंगर काढायचा, मधोमध उगवता सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, नदीत शिडाची होडी आणि काठावर नारळ. खिडकीबाहेर बाभळी उभ्या असायच्या, पण त्यांच्याकडे बघून कोणी चित्र काढत नसे. सर कागद उचलून विचारायचे, "नारळ कुठं पाहिलास?" एकदा एका मुलीनं उभं राहून सांगितलं, "देवळात, सर. फोडतेत तवा." सरांनी तिला उत्तराबद्दल पास केलं. चित्र नापासच राहिलं.

दुसरी तक्रार रिकाम्या जागेची. कागदावर कुठं मोकळं दिसलं की मुलं तिथं पक्षी काढायची, ढग काढायची, काहीच नाही सुचलं तर झेंडा. सर म्हणायचे, "समदा कागद भरू नका. थोडा त्याचा त्याला ठेवा." मुलांना ते पटायचं नाही. घरी जेवायला बसलं की ताट भरलेलं हवं असतं, मग कागद मोकळा कशाला सोडायचा? मला विचाराल तर मुलांचंही काही चुकत नव्हतं. जिथं पोटभर मिळण्याचीच मारामार, तिथं मोकळ्या जागेचं कौतुक शिकवायचं म्हणजे अवघडच.

मी तेव्हा नांदेडच्या एका दैनिकात रविवारची पुरवणी बघत होते. एक दिवस सर ऑफिसात आले, टेबलावर हाताने लिहिलेली पानं ठेवली आणि म्हणाले, "कलासमीक्षा हाय."

"कशाची, सर? नांदेडला आर्ट गॅलरी कुठे आहे?"

"भिंती हायेत की, ताई."

मग सदर सुरू झालं. माहूरच्या पायऱ्यांवर विकायला ठेवलेल्या देवीच्या तसबिरी, ट्रकच्या मागच्या पाटीवरचे मोर, अर्धापूरकडच्या बंगल्यांचे जांभळे आणि पोपटी रंग, सगळ्यांची समीक्षा. पण वाचकांनी उचलून धरला तो फ्लेक्सवरचा लेख. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कोणाचं डोकं केवढं, कोण वर, कोण कोपऱ्यात, कोणाच्या खांद्यामागे कोणाचा कान दिसतो, याची त्यांनी चित्राच्या मांडणीसारखी चिकित्सा केली, आणि एका पुढाऱ्याचा चेहरा दर फ्लेक्सला बारीक होत चाललाय, तेव्हा हे गृहस्थ पक्षात फार दिवस राहत नाहीत, असा निष्कर्ष काढला. ते गृहस्थ दिवाळीच्या आत दुसऱ्या पक्षात गेले. आमच्या राजकीय वार्ताहराला हे सरांच्या नंतर कळलं, याचा त्याला बरेच दिवस राग होता.

त्यांच्या भाषेत सगळ्यात मोठी शाबासकी कोणती, हे मात्र मला लवकर कळलं नाही. एकदा आम्ही एका खेड्यात जुन्या घरासमोर उभे होतो. पांढऱ्या मातीनं सारवलेली भिंत आणि खाली गेरूचा एक पट्टा, बस. सर कितीतरी वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्याच्यात काही न्हाई बगा, ताई." मी समजले, नापास. तर ते हसले. "माझी माय बिदरकडची. तिच्या हातची आमटी लई चांगली व्हायची. गल्लीतल्या बायका इचारायच्या, काय घातलं ओ? माय मनायची, एनू इल्ला. काही न्हाई. अन् खरंच काही घातल्यालं नसायचं. मनून तर चांगली व्हायची." त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात ती बोलीच होऊन गेली. एखादं पान छान लागलं की आम्ही एकमेकांना म्हणायचो, "काही नाही बघा यात." बाहेरचा माणूस ऐकून बुचकळ्यात पडायचा आणि आम्हाला मजा वाटायची.

आता माळ ज्या वाडीचा, त्या वाडीकडे येते. कंधार आणि मुखेडच्या मधली एक वाडी. नाव लिहीत नाही, लिहिलं तर तिथली माणसं फोन करतात. तिथं सरपंच एक बाई होत्या आणि कारभार त्यांचे यजमान बघत. सगळा तालुका त्यांना सरपंचपती म्हणायचा आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. ते सरांचे विद्यार्थी. एका स्पर्धेसाठी त्यांनी गावातल्या सगळ्या भिंती लातूरहून पेंटर आणून रंगवून घेतल्या. शाळेवर घनदाट जंगल, ग्रामपंचायतीवर वाघ, समाजमंदिरावर हरणांचा कळप. त्याच महिन्यात सिमेंटच्या रस्त्यासाठी वेशीपासूनचे सगळे कडुलिंब तोडले गेले. सरांनी लिहिलं, "माणूस मेल्यावर त्याचा फोटो लावतात. या गावानं झाडांचे फोटो आधीच लावून ठेवले." लेख छापून आला आणि सरपंचपतींनी सरांचा जाहीर सत्कार केला. लेख त्यांनी वाचला नव्हता, पण गावाचं नाव पेपरात आलं होतं. सर शाल पांघरून परत आले आणि म्हणाले, "शाल पास हाय. भाषण नापास."

या वाडीच्या वर गायरान आहे. होतं, म्हणायला हवं. निवृत्त झाल्यावर सर तालुक्याच्या गावी भाड्याच्या खोलीत एकटेच राहायचे, मुलगा लातूरला असायचा, आणि रोज आपल्या खटारा स्कूटरवरून त्या माळावर जायचे. दिवाळीनंतरच्या दिवसांत त्यांनी मला तिथं नेलं. मी काय बघायचं ते शोधत होते. लांबवर पिवळं गवत, वाऱ्यानं एका अंगाला कललेलं. खडे. मधेच लाल कंधारी गाई, त्यांचा रंग गवतात जणू विस्तवाचे तुकडे पडावेत तसा. एक चंडोल गात गात सरळ वर गेला आणि वरच राहिला. बास. घरी येऊन कोणाला सांगावं असं त्यात खरोखर काही नव्हतं, आणि तरी मला तिथून निघावंसं वाटेना.

"अख्ख्या जिल्ह्यात मी पूर्ण मार्क दिल्यालं चित्र हे एकच हाय," सर म्हणाले.

"काढलं कोणी?"

"गाईंनी. जास्त चरल्या तर बिघडतं. चरल्याच न्हाईत तर काट्याकुट्यानं बिघडतं. पिढ्यान् पिढ्या बेतानं चरत आल्या, तवा हे असं झालं."

त्या गाई गयाबाईच्या होत्या. गयाबाईला स्वतःची जमीन नाही. नवरा केव्हाच गेलेला, लेकी सासरी. गाई आणि गायरान एवढ्यावर तिचं घर चालायचं. दूध, शेण, वर्षाकाठी एखादं वासरू. सर रोज येऊन नुसते उभे राहतात याची तिला मोठी गंमत वाटायची. "माह्या गाई गवत खातेत, अन् सर नुसतं बघतेत," ती मला म्हणाली. "दोघाचं बी पोट भरायलंय बगा." सर तिच्याशी फार बोलायचे नाहीत. दुपारी दोघं एकाच दगडाच्या दोन बाजूंना बसून आपापली भाकर खायची. सरांच्या डब्यातलं लोणचं तिकडे जायचं, तिच्याकडचा ठेचा इकडे यायचा. मी पाहिलेल्या मैत्र्यांत ही सगळ्यात कमी बोलकी मैत्री होती.

मग सौर प्रकल्प आला. गायरानावर पॅनल बसणार, त्या विजेवर शेतकऱ्यांच्या मोटारी दिवसा चालणार. सरपंचपतींना खलनायक करणं मला सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. रात्री साप-विंचवातून मोटार चालू करायला जाणाऱ्या माणसाला दिवसा वीज कशाला म्हणून कोण विचारील? गावाला वीज हवी होती आणि ती हवीच होती. गावाच्या दुसऱ्या अंगाला खरोखर नापीक, खडकाळ उताराची जमीन होती, पण ती गावातल्या वजनदार माणसांच्या नावावर होती. गायरान कोणाच्याच नावावर नव्हतं, म्हणून ते सगळ्यांना स्वस्त वाटलं. ठरावात एकच शब्द लागणार होता, 'पडीक'. सदर गायरान पडीक असून गावाच्या उपयोगाचे नाही, एवढं ग्रामसभेनं म्हटलं की झालं.

त्या शब्दानं सर पेटले. इतके पेटलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "पडीक मनजे काय ओ? ज्याला बघता येत न्हाई त्यानं काढल्याला शब्द हाय तो." त्यांनी लेख लिहायला घेतला. महिनाभर लिहीत होते, खोडत होते. गयाबाईला सांगून आले, मी पेपरात लिहितोय, आता काय होतं ते बघा. गयाबाईला वाचता येत नाही, पण तिनं ते गल्लीत सगळ्यांना सांगितलं. सरांचं पेपरात छापून येतं म्हणजे वरपर्यंत जातं, असा तिचा समज होता, आणि खोटं कशाला बोला, आमचाही थोडा तसाच समज होता.

लेखाचं शीर्षक सरांनीच दिलेलं होतं, 'काहीच नाही'. त्यांनी आजवर लिहिलेल्यात तो सर्वांत सुंदर लेख होता, हे मी आजही म्हणेन. "या माळावर काहीच नाही," अशी सुरुवात होती. "झाड नाही, विहीर नाही, पीक नाही, घर नाही. देऊळसुद्धा नाही. वर आभाळ, खाली गवत, आणि दोघांच्या मध्ये कोणी लुडबुड केलेली नाही. असं काहीच नसणं घडवायला शेकडो वर्षं लागतात, आणि एकदा मोडलं की ते कोणाला परत जमत नाही." ऑफिसात आम्ही तो एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवला. मी सरांना विचारलं होतं, "लोकांना शीर्षक कळेल ना?" ते म्हणाले, "ज्यानं माळ पाहिला त्याला कळंल. गयाबाईला तर कळंलच."

ग्रामसभा मारुतीच्या देवळासमोर भरली. सरांनी फोन केला म्हणून मीही गेले. पुढं सतरंजीवर बाप्ये, मागं ओट्यावर बायका, खुर्च्यांवर ग्रामसेवक आणि कंपनीचा एक इस्त्रीच्या शर्टातला माणूस. सरपंचबाई पदर सावरून बसल्या होत्या आणि बोलत यजमान होते. ते फार आदरानं बोलले. "काही लोकांचं म्हणणं आहे की माळावर लई काही आहे. मी माझं सांगत नाही. माझे गुरू, आपले सर, मोठे समीक्षक. त्यांनी स्वतः काय लिहिलंय ते वाचतो." आणि त्यांनी खिशातून पेपरचं कात्रण काढलं. या माळावर काहीच नाही. झाड नाही, विहीर नाही, पीक नाही, घर नाही. देऊळसुद्धा नाही. तिथं ते थांबले, कात्रणाची घडी घातली आणि सरांना हात जोडले. मला अजून ठरवता आलेलं नाही की त्यांनी हे कपटानं केलं की लेख त्यांना खरोखर तेवढाच कळला होता.

सर उठले. "ते मी तारीफ केलती," ते म्हणाले. सभा हसली. हसण्यात वाईटपणा नव्हता, सर काहीतरी गंमत करतायत असंच लोकांना वाटलं. सर समजावायला लागले. चित्रात मोकळी जागा म्हणजे काय, भरणं सोपं आणि सोडणं किती अवघड. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते आईच्या आमटीवर आले. "आमटीचं काय काढलं, सर?" कोणीतरी मागून म्हणालं. पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हात वर करून साधाच प्रश्न विचारला, "सर, मंग माळावर काही हाय का न्हाई, तेवढं सांगा."

"गवत हाय," सर म्हणाले.

"गवत काय, माझ्या बांधाला बी हाय."

तेव्हा ओट्यावरून गयाबाई उठली. सगळी सभा मागं वळली, कारण बायका ग्रामसभेत उठत नाहीत. ती सरांकडेच बघत होती. "सर, ते वाचलं ते तुमीच लिवलंय?"

"हाव. पर गयाबाई, त्याचा अर्थ..."

"काहीच न्हाई, असं लिवलंय?"

सरांकडे पाहवत नव्हतं. "हाव," ते म्हणाले.

गयाबाई खाली बसली. हात वर झाले आणि ठराव मंजूर झाला. गयाबाईनं हात वर केला नाही आणि विरोधही केला नाही. तिनं पदर तोंडापुढं धरला होता.

दुसऱ्या दिवशी सर आमच्या ऑफिसात आले. खुलासा छापायचा म्हणाले. मी कागद दिला. खिडकीजवळच्या टेबलावर बसून त्यांनी लिहिलं, "माळावर गवत आहे, चंडोल आहे, खोकडाची बिळं आहेत, गाई आहेत," आणि पुढं बऱ्याच गोष्टी लिहीत गेले. पान भरलं. मग वाचून पाहिलं आणि आडवी रेघ मारली. "हे तर पोरांनी भरल्याल्या कागदावानी झालं," म्हणाले. "ह्याच्यात माळ न्हाई." मी म्हटलं, सर, चालेल, असू द्या, छापू या. त्यांनी ऐकलं नाही. खुलासा छापला असता तरी ठराव काही बदलला नसता, पण त्यांना तो बरोबर लिहिता आला नाही हेच त्यांना जास्त लागलं. त्या रविवारी सदर आलं नाही. त्यानंतर ते कधीच आलं नाही.

तारेचं कुंपण झालं, जेसीबी आले, माळ सपाट झाला, पॅनल बसले. गावाला दिवसा वीज मिळाली हे खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. गयाबाईच्या गाई बाजारात गेल्या. पॅनलखाली गवत माजलं तर सावली पडते, वाळलं तर आग लागते, म्हणून कंपनीनं गवत काढायला बायका रोजानं लावल्या. त्यात गयाबाई होती. हे मला सरांनीच फोनवर सांगितलं. सर दोनदा-तीनदा कुंपणापाशी जाऊन उभे राहिले होते. तिनं एकदाही मान वर केली नाही.

पुढं सरांना पक्षाघाताचा हलका झटका आला आणि मुलानं त्यांना लातूरला आपल्या फ्लॅटवर नेलं. मी भेटायला गेले तेव्हा ते बाल्कनीत खुर्चीवर बसले होते, रस्त्याकडे पाठ करून. बोलणं जड झालं होतं. सूनबाईंनी चहा आणला, बशीतून थोडा थोडा पाजला. मी इकडचं तिकडचं सांगत राहिले, त्यांचं लक्ष नव्हतं. निघताना त्यांनी माझा हात धरला. "ताई, एक काम करा. गयाबाईला समजावून सांगा. मी माळाच्या इरोधात लिवलं न्हाई मनून. तुमाला शब्द सापडतेत." मी म्हटलं, सांगते, सर. ते म्हणाले, "तिला वाटून राहिलं मी विकला गेलो." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात चेहऱ्यापर्यंत पोचत नव्हता. मी पुसलं.

मी जाते जाते म्हणत राहिले, आणि सर गेले. सर लिंगायत, त्यांच्यात देह जाळत नाहीत, मातीत बसवतात. उदगीरला नेऊन त्यांना बसवलं. वाडीच्या वेशीवर सरपंचपतींनी श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला, त्यात सर मधोमध आणि भोवती शोकाकुल म्हणून सगळे पुढारी, सगळे हसरे. मला सरांची फार आठवण आली. इतकी आठवण त्यांना मातीत बसवतानाही आली नव्हती.

फ्लेक्स बघून मी तशीच वर गेले. कुंपणाच्या आत पॅनलच्या रांगा चकाकत होत्या आणि त्यांच्या सावलीत बायका बसून खुरप्यानं गवत काढत होत्या. गयाबाईनं मला ओळखलं. मी सर गेल्याचं सांगितलं. "हाव, बोर्ड पाहिला," ती म्हणाली. खुरपं चालूच होतं. मी सांगायला लागले. सरांच्या बोलण्याची पद्धत, त्यांची आई, 'काही न्हाई' म्हणजे त्यांच्याकडे किती मोठी गोष्ट, तो सगळा लेख म्हणजे माळाची तारीफच होती. शब्द मला सापडत होते. बोट कुठं दाखवावं ते कळत नव्हतं. ज्याच्याबद्दल मी बोलत होते तेच तिथं राहिलं नव्हतं, आणि दाखवल्याशिवाय ते कोणालाच पटलं नसतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "तारीफ व्हती?"

"हो. मनापासून."

"मंग चांगलं हाय, असं लिवायचं की," गयाबाई म्हणाली. "तेवढं आमाला कळलं असतं."

तिनं पदरानं तोंड पुसलं, बसल्या बसल्या पुढं सरकली आणि पुढच्या पॅनलखालचं गवत काढू लागली.